सामाजिक कामासाठी एमबीए करायचं म्हणतोय. कर्ज काढावं का?

माणगंगा:

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचत बसायचो, आज पहिल्यांदाच लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय २७, गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. मेकॅनिकलला बीई झालो आणि गेली चार वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. हातात ३८ हजार येतात. खोली, डबा, पेट्रोल आणि घरी पाठवायचे वगळले की दहा-एक हजार मागे पडतात. नोकरी वाईट नाही. पण दिवसभर व्हर्नियर लावून बुशचा व्यास बघताना डोक्यात भलतंच चाललेलं असतं.

भलतं म्हणजे हे. २०१९ साली आमच्या गावात शेतकरी उत्पादक कंपनी निघाली. ३१२ सभासद, प्रत्येकाचा हजाराचा शेअर. वडिलांचाही आहे, सर्टिफिकेट आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलंय. कंपनीने खत-बियाण्याचं दुकान टाकलं, दोन वर्षं ज्वारी आणि कांदा गोळा करून विकला, मग सगळं थंडावलं. मोठा काटा आता देवळाच्या सभामंडपात पडून आहे, पोरं त्यावर उभी राहून वजन करतात. गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा अध्यक्षांनी बोलावलं. "तू इंजिनिअर हाईस, जरा हे बघ," म्हणून शेवटचा ऑडिट रिपोर्ट पुढ्यात टाकला. नफा एक लाख चाळीस हजार. बँकेत शिल्लक अकरा हजार तीनशे. मी तीनदा वाचलं. म्हटलं, अण्णा, नफा झालाय तर पैसे कुठायत? ते म्हणाले, "हायत की. लोकांकडं."

खताची उधारी होती सगळी. पण हे मला कळायला दोन दिवस लागले, आणि अण्णांना, सीएला, गावातल्या शिकलेल्या कुणालाच त्यातून पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की अशा कंपन्या, बचत गट, संस्था चालवायचं काम करावं आणि त्यासाठी आधी रीतसर व्यवस्थापन शिकावं.

आता प्रश्न. गुजरातेत आनंदचा ग्रामीण व्यवस्थापनाचा कोर्स, मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटचं सोशल आंत्रप्रनरशिप, पुण्यात वैकुंठ मेहता संस्थेचं अ‍ॅग्री बिझनेस, की सरळ सीईटी देऊन साधं एमबीए? मोठ्या ठिकाणी राहण्या-जेवणासकट पंधरा लाखांच्या घरात जाईल असं दिसतंय, त्यातलं बारा लाखांचं कर्ज काढावं लागेल. वडील म्हणतात, "पंधरा लाख घालून गावातच यायचं असंल तर आत्ताच ये, एष्टीचं तिकीट मी काढतो." या पदवीचा खरंच उपयोग होतो का, आणि कर्ज फिटतं का? स्वतः केलेल्यांनी सांगितलं तर बरं होईल.

मार्चअखेर:

मी पुण्यात एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकामावरचा खर्च बघणाऱ्या विभागात आहे, नऊ वर्षं. साधं एमबीए, मार्केटिंगमधलं. थोडक्यात सांगतो कारण वरची फाईल वाट बघतेय.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे चालू झालं आणि त्याबरोबर माझ्यासारख्यांची जमात जन्माला आली. आमच्याकडे भरतीच्या पहिल्या चाळणीत एमबीए किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नसेल तर अर्ज एचआरच्या पुढे सरकत नाही. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, असं आहे.

काम काय असतं? समाजसेवा डोळ्यासमोर आणू नकोस. संस्थेचा सीएसआर-१ नंबर, म्हणजे असे पैसे घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, आहे का बघायचं, प्रस्ताव बोर्डाच्या समितीला कळेल अशा चार स्लाइडमध्ये बसवायचा, पैसे कुठे खर्चले त्याचे विनियोग दाखले गोळा करायचे. मार्चमध्ये पैसे उरले की धावाधाव, कारण चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात टाकावे लागतात. वर्षातून आठ-दहा वेळा गावात जातो. तिथे नारळ फुटतो, फोटो निघतो, शाळेतली मुलं उन्हात रांगेत उभी असतात आणि मला त्यांची लाज वाटते. पगार मात्र चांगला आहे आणि कर्ज फिटतं. तुला कंपनी चालवायची असेल तर माझी वाट तुझी नाही. पैसे फेडायचे असतील तर आहे.

सातपुड्यातून:

मी जरा कडू बोलणार आहे, राग मानू नये. धडगाव भागात बावीस वर्षं काम करतोय. एमएसडब्ल्यू आहे, तेही करून काय शिकलो ते विचारू नका. जे आलं ते पाड्यावर फिरून आलं, पावरी भाषाही तिथेच शिकलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या देणगीदाराने एक व्यवस्थापन शिकलेला मुलगा पाठवला. हुशार, नम्र, कष्टाळूसुद्धा. त्याने आमच्या आरोग्य सेविकांसाठी मोबाईलवर अ‍ॅप आणलं. प्रत्येकीने महिन्याला अमुक घरभेटी, लाल-पिवळा-हिरवा रंग. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला जातात, दाराला काटेरी फांदी लावून. सेविका तीन तास डोंगर चढून जायची, फांदी बघायची, परत यायची. अ‍ॅपमध्ये ती भेट "अपूर्ण". चार महिने ती बाई लाल रंगात होती. आमच्याकडची सगळ्यात चांगली सेविका. फेब्रुवारीत तिने फोन आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे तुम्हीच चालवा."

मुलाचा दोष नव्हता. त्याला मोजायला शिकवलं होतं, काय मोजू नये ते शिकवलं नव्हतं.

आणि माणगंगा, तुम्ही तर माणचे. तुमच्या म्हसवडला १९९७ साली बायकांची बँक उभी राहिली. ती उभी करणाऱ्या चेतना सिन्हांनी हे जाहीरपणे अनेकदा सांगितलंय की पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. मग त्याच बायका जाऊन म्हणाल्या, आम्हाला रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटरशिवाय काढतात का बघू. परवाना मिळाला. त्यांच्यातलं कोण एमबीए होतं?

काटापट्टी:

सातपुडादादांचं वाचलं. पटलंही आणि नाहीही पटलं, त्यावर शेवटी येते. आधी माणगंगाला उत्तर, कारण त्याने जे विचारलंय ते मी दोन्ही बाजूंनी भोगलंय.

मी वाशीम जिल्ह्यातली, वय ४१. २००६ ते २००८ आनंदला शिकले. एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघते. हुद्दा मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रत्यक्षात हमालांचा डबा आला का इथपासून जीएसटीपर्यंत सगळं.

आनंदची गोष्ट थोडी सांगायला हवी. अमूलच्या डॉ. कुरियननी १९७९ साली ती संस्था काढली ती सहकारी दूध संघांना व्यवस्थापक मिळावेत म्हणून. शहरातल्या मोठ्या संस्थांतून शिकलेली मुलं खेड्यातल्या डेअरीत येत नव्हती, आली तर टिकत नव्हती. आणि गंमत बघ, कुरियन स्वतः तुझ्यासारखेच मेकॅनिकलवाले. १९४९ साली सरकारी शिष्यवृत्तीच्या अटीपायी आनंदच्या क्रीमरीत येऊन पडले, मन रमत नव्हतं, बॅग भरून बसले होते. तिथल्या दूध संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी थांबवून घेतलं. आता २०२५ पासून ती संस्था त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली आहे, त्यांच्याच नावाने. तेव्हा प्रवेश, फी, पदवीचं नाव वगैरे नव्याने तपासून घे. माझ्या वेळची माहिती तुझ्या कामाची नाही.

मला तिथे सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला सांगू? खेड्यात नेऊन सोडतात त्याचा, आणि जमाखर्चाच्या एका तासाचा. त्या तासाला सरांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. पैसा, माल, येणी, परत पैसा. म्हणाले, हे वर्तुळ फिरायला किती दिवस लागतात तेवढं फक्त सांगा, नफ्याचं नंतर बोलू. तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं आणि विसरले.

ते आठवलं २०१४ साली, कारंज्याजवळच्या एका गावात सोयाबीनच्या ढिगाजवळ उभी असताना. आमची कंपनी नवी होती, भागभांडवल नऊ लाख. आम्हाला वाटलं, नऊ लाख म्हणजे केवढे! सोप्या आकड्यांत हिशोब मांडते म्हणजे तुला नीट दिसेल. दिवसाला दीडशे क्विंटल आवक धर, भाव ४,२०० धर. रोजचे सहा लाख तीस हजार झाले. शेतकऱ्याला पैसे संध्याकाळी हातात पाहिजेत, कारण अडत्या संध्याकाळी देतो. तो कडता म्हणून वजनात कापतो, ओलाव्याच्या नावाने आणखी कापतो, तरी शेतकरी त्याच्याकडे जातो कारण दुसऱ्या दिवशी त्याला मजुरांचे द्यायचे असतात. आणि आम्ही ज्या तेल कारखान्याला माल देणार तो पंधरा दिवसांनी पैसे सोडणार, तेही माल "पास" झाला तर. म्हणजे वर्तुळ पंधरा दिवसांचं. पंधरा गुणिले सहा लाख तीस हजार, चौऱ्याण्णव लाख पन्नास हजार. आणि पेटीत नऊ लाख. दीड दिवसात खेळ खलास.

आमचाही झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सोळा ट्रॅक्टर रांगेत होते आणि मी काट्यावर बसून लोकांना सांगत होते की मशीन बिघडलंय. एक म्हातारे बाबा जवळ आले, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, मशीन नाई बिघडलं. पैसे संपले." त्यांनी ट्रॅक्टर वळवला आणि मागचे पंधरा वळले.

त्या रात्री मी ते वर्तुळ पुन्हा काढलं. माझ्या संचालक मंडळात दोन माजी सरपंच होते, एक शिक्षक, बाकी शेतकरी. सगळे माझ्यापेक्षा शहाणे, पण त्यांना बँकेत जाऊन "आम्हाला खेळतं भांडवल एवढंच पाहिजे, एवढ्याच दिवसांसाठी पाहिजे, आणि ते असं परत येईल" हे कागदावर मांडता येत नव्हतं. मला येत होतं. आम्ही आवक दिवसाला साठ क्विंटलवर बांधली, गावागणिक वार ठरवले, कारखान्याशी भांडून पंधराचे आठ दिवस करून घेतले, भाव थोडा कमी घेऊन. पुढच्या वर्षी कर्ज मिळालं, चौदा टक्क्यांनी. ४,२०० च्या मालावर पंधरा दिवसांचं व्याज क्विंटलमागे चोवीस रुपये होतं, आठ दिवसांचं तेरा. ज्या धंद्यात हमाली, बारदाना, वाहतूक जाऊन हातात पन्नास-साठ रुपये राहतात, तिथे हे अकरा रुपये म्हणजे माझा पगार आहे.

तर पदवीचा उपयोग होतो का, तर असा होतो. तुझ्या अण्णांनी "लोकांकडं हायत" म्हटलं ना, ते वर्तुळ तिथे तुटलंय, येण्यांपाशी. तुला दोन दिवस लागले. शिकल्यावर दहा मिनिटं लागतील, आणि मुख्य म्हणजे दुकान टाकण्याच्या आधी लागतील.

पण ओलावा किती ते मीटर सांगतं, आणि मीटर खोटं बोलतंय की नाही ते आमचा मापाडी मूठभर दाणे दातांखाली धरून सांगतो. माती लावलेलं, खालच्या थरात जुनं घातलेलं पोतं तो बंबी (पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी) न मारता ओळखतो. आनंदला हे शिकवत नाहीत आणि शिकवूही शकणार नाहीत.

आता कर्जाचं, कारण खरी गोम तिथे आहे. माझं कर्ज तुझ्यापेक्षा बरंच लहान होतं, साडेतीन लाखांचं. तरी त्या हप्त्याने माझी पहिली नोकरी ठरवली. आनंदहून बाहेर पडताना मनात होतं एखाद्या छोट्या संस्थेत जायचं. ती देत होती नऊ हजार. एक मायक्रोफायनान्स, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणारी कंपनी देत होती तिप्पट. नाव घेत नाही. मी तेलंगणात, तेव्हाच्या आंध्रात, दोन वर्षं बायकांच्या गटांच्या बैठका घेतल्या. सकाळी सातला गोल करून बसायचं, शपथ म्हणायची, हप्ते मोजायचे. एकीचे कमी पडले की बाकीच्या उठायच्या नाहीत, तिला कुठूनतरी आणायला लावायच्या. एकदा एक बाई घरात गेली आणि पाच मिनिटांनी पितळी हंडा घेऊन बाहेर आली. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. माझा स्वतःचा हप्ता पाच तारखेला जायचा. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारने अध्यादेश काढला, वसुली थांबली, आणि मी राजीनामा दिला. धाडस म्हणून नव्हे, तोवर माझं कर्ज बरंचसं फिटलं होतं म्हणून.

तुझं गणित मांडून बघ. बारा लाख, साडेदहा टक्के. शिकताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो म्हणून लोक खूश होतात, पण व्याज चढतच असतं. हप्त्याला सुरुवात होईपर्यंत साडेचौदा-पंधरा लाख झालेले असतील. दहा वर्षांनी फेडायचे तर महिन्याला वीस हजारांच्या आसपास. आता दुसरी बाजू. केंद्राची दहा हजार उत्पादक कंपन्यांची योजना २०२० मध्ये आली, तिच्यात कंपनीच्या सीईओच्या पगारासाठी मदत महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत, आणि हिशोबनिसाला दहा. तेही पहिली तीन वर्षं. पंचवीसमधून वीस गेले की पाच उरतात. म्हणजे तू ज्या कामासाठी शिकायला निघालास ते काम शिकून झाल्यावर तुला परवडणारच नाही. मग तू मार्चअखेरभाऊंच्या शेजारच्या टेबलावर बसशील, आणि तेही वाईट नाही, पण ते तुला चाकणहून सरळ जाता आलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अभ्यासक्रम बघायच्या आधी हप्ता बघ. पुण्यात राहून, कमी खर्चात होणारं काही मिळालं, सरकारी फी असलेलं कॉलेज मिळालं, किंवा नोकरी करत शिकता आलं तर डोळे मिटून घे. जमाखर्च सगळीकडे तोच असतो. महागड्या ठिकाणाहून तुला मित्र मिळतील, ओळखी मिळतील, त्यांना किंमत आहे, मला आजही आहे. पण ती हप्त्यात मोजायला शीक.

आणि सातपुडादादा, म्हसवडच्या बायकांना व्याज तोंडी येत होतं, मान्य. पण बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवायला लागते, रिझर्व्ह बँकेला विवरणपत्रं द्यायला लागतात, थकबाकीची तरतूद करायला लागते. ते कुणीतरी करतंच की तिथे. तोंडी हिशोब येणाऱ्या बाईला आणि लेखी हिशोब येणाऱ्या बाईला एका टेबलावर बसवणं हे खरं व्यवस्थापन. तुमच्याकडे आलेल्या पोराने अ‍ॅप करायच्या आधी एक ऊसतोडीचा हंगाम काढायला हवा होता, हे मात्र शंभर टक्के.

सातपुड्यातून:

ताई, हंड्याचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. टेबलाचं मान्य. आमच्या टेबलावर लेखी हिशोबवाली खुर्ची सध्या रिकामीच आहे, परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली तेव्हापासून. चांगला लेखापाल आम्हाला परवडत नाही. हेही माणगंगाने ऐकून ठेवावं.

भटकी फाईल:

मध्येच तोंड घालतोय. कर्ज काढायच्या आधी एक वर्ष फेलोशिप करून बघ ना भावा. मुख्यमंत्री फेलोशिपची वयोमर्यादा २६ आहे, ती गेली तुझी. एसबीआय युथ फॉर इंडियाला ३२ पर्यंत चालतं, तेरा महिने खेड्यात राहायचं, एखाद्या संस्थेबरोबर. मी केलंय. पहिले तीन महिने मी कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो, गावातले लोक मला जेवायला घालायचे आणि मोबाईल दुरुस्तीला द्यायचे. त्यानंतर कळलं की मला लोकांत मिसळायला आवडतं पण पैशाचं बोलायला अजिबात आवडत नाही. एमबीएचे पंधरा लाख वाचले. आता शाळेत शिकवतो.

माणगंगा:

सगळ्यांचे आभार. काटापट्टीताई, तुमची पोस्ट मी वडिलांना फोनवर वाचून दाखवली. "पैसे संपले"ला ते हसले, हंड्याला गप्प झाले.

एक विचारू का? पदवीचं बाजूला ठेवतो. आमची ती बंद पडलेली कंपनी मी आत्ता, चाकणला राहून, शनिवार-रविवार बघू शकतो का? काही शिकायचंच असेल तर तिच्यावरच शिकतो. कुठून सुरू करू?

काटापट्टी:

आता बोललास. काट्याला हात लावू नकोस, आधी कागद बघ. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की शेवटचा ताळेबंद कधी भरलाय ते दिसतं. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र, दोन वेगळे फॉर्म असतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. हो, दिवसाला. आमच्या भागात निम्म्या कंपन्या दुष्काळाने नाही मेल्या, या शंभर रुपयांनी मेल्या. सलग तीन वर्षं भरलं नसेल तर संचालकांवर पाच वर्षांची अपात्रताही येते, ते अण्णांना हळूच सांग, एकदम नको.

दुसरं, उधारीची वही. ऑडिट रिपोर्टमधला "येणी" हा एक आकडा असतो, वहीत नावं असतात. वही कुणाकडे आहे ते शोध.

मार्चअखेर:

दंडाचा आकडा कळला की इथे टाक. माझ्या ओळखीचे एक कंपनी सेक्रेटरी आहेत, फीशिवाय बघून देतील. मार्च सोडून कधीही.

माणगंगा:

शनिवारी गावी जाऊन आलो. संकेतस्थळावर शेवटचा ताळेबंद मार्च २०२१ चा. एक्सेलमध्ये दिवस मोजले, दोन्ही फॉर्म, सगळी वर्षं. चार लाखांच्या वर जातंय. भागभांडवल तीन लाख बारा हजार. चाकणला असा पार्ट आला असता तर मी लाल चिकटपट्टी लावून सरळ भंगारात टाकला असता. अण्णांना अजून आकडा सांगितला नाही, नुसतं "दंड आहे" म्हटलं तर त्यांनी चहा अर्धा सोडला. सीएंचं ऑफिस दहिवडीहून साताऱ्याला गेलंय, नंबर मिळाला. मार्चअखेरदादा, तुमच्या ओळखीच्या साहेबांचा वेळ लागेल.

वही सापडली. दुकानाच्या गल्ल्याच्या खाली, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. ८७ नावं. बहुतेकांनी पुढे "दिवाळीला देतो" असं लिहून घेतलंय, कुठली दिवाळी ते नाही. रात्री बल्बाखाली बसून मी सगळी एक्सेलमध्ये चढवली. एकोणचाळीसावं नाव आमचं निघालं. युरियाच्या आणि १०:२६:२६ च्या गोण्या, ४,२०० रुपये.

सकाळी वडिलांसमोर वही धरली. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, तारीख वाचली, आणि म्हणाले, "मागायला कुणी आलंच न्हाई."